मोठी स्टेपनी गाडीच्या आत कशी बसवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोरल, तिंछा, कजलीगढ, जानापाव या बाजूला आम्ही इंदूरची काही मराठी मंडळी रविवारी गाड्या घेऊन जातो. सकाळी सहाला पोह्यांच्या ठेल्यावर भेट, दुपारी चिखलात, रात्री घरी बोलणी, असा साधारण कार्यक्रम. एकाने टायर मोठे केले की महिन्याभरात दुसऱ्याचे होतात. चार टायर चढवून झाले, फोटो काढून झाले, की मग प्रत्येकाला पाचवा आठवतो आणि मला फोन येतो. तेच ते प्रश्न पुन:पुन्हा आल्यामुळे उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. माझी गाडी सफारी स्टॉर्म, फोर बाय फोर. शिवाय मित्रांच्या फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओमध्ये केलेल्या खटपटीही यात आहेत.

‘मोठी’ म्हणजे नेमकी किती मोठी? माझी आत ठेवावी लागेल का?

टायरवरच्या आकड्यांवरून दोन मिनिटांत कळतं. २३५/७० आर १६ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची. भिंत दोनदा धरायची, वर एकदा आणि खाली एकदा. १६४.५ दुणे ३२९, त्यात रिमचे ४०६, एकूण व्यास ७३५ मिमी. हा माझ्या गाडीचा मूळ टायर. आता लावलेला २६५/७० आर १६ याच हिशोबाने ७७७ मिमी होतो. व्यासात चार सेंटिमीटर आणि रुंदीत तीन सेंटिमीटर एवढाच फरक, पण तेवढ्याने खालची जागा संपली.

फॉर्च्युनरचा २६५/६५ आर १७ हा ७७६ मिमी. त्यावर लोक हौसेने २८५/७० आर १७ चढवतात, तो ८३१. इथे प्रश्न गंभीर आहे. उलट जिम्नीचा १९५/८० आर १५ हा ६९३ आणि त्यावर बरेच जण घालतात तो २१५/७५ आर १५ साधारण ७०४. हा सेंटिमीटरभराचा फरक आहे आणि स्टेपनी मागच्या दारावर आहे. जिम्नीवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

एक लक्षात ठेवा, हा झाला कागदावरचा हिशोब. चिखलाच्या टायरांचे गोटे (रस्त्याला टेकणारे रबराचे उंचवटे) कंपनीगणिक कमीजास्त उंच असतात. शेवटी टेपनेच मोजा.

खाली जिथे मूळ स्टेपनी लटकते, तिथेच जरा ठोकूनठाकून बसवता येत नाही का?

बसवलेली पाहिली आहे, आणि रस्त्यावर पडलेलीही पाहिली आहे. खालची जागा तीन-चार बाजूंनी बांधलेली असते. मागे बंपर, पुढे ॲक्सल, एका बाजूला सायलेन्सर. मोठा टायर वर ओढला की तो कुठेतरी टेकतो आणि चेसीला सपाट चिकटत नाही. चिकटला नाही की साखळीवर झुलतो, आणि झुलला की साखळी रोज थोडी थोडी ढिली होते. सायलेन्सरजवळ रबर तापतं ते वेगळंच. उभ्या गाडीत फट दिसते म्हणून फसू नका. खड्ड्यात ॲक्सल वर येतो तेव्हा ती फट उरत नाही.

शिवाय मोठे टायर लावून मागची बाजू उंच करायची आणि त्याच जागी चाळीस किलोचा टायर खाली लोंबकळत ठेवायचा, म्हणजे नाल्यातून वर चढताना पहिला घासणार तोच.

मग मागच्या दारावर? टपावर?

थार, गुरखा, जिप्सी, बोलेरो यांच्या दारावर ती असतेच. तिथे प्रश्न बिजागऱ्यांचा. मूळ टायरच्या वजनावर बेतलेल्या बिजागऱ्यांवर दहा-बारा किलो वाढले की खडबडीत वाटेवर दार खाली बसतं, मग आपटल्याशिवाय लागत नाही. त्यावर मजबूत ब्रॅकेट मिळतात. टायर आत घेण्यापेक्षा ते बरे. फक्त मागचा कॅमेरा, वरचा ब्रेक दिवा आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, ते पाहा.

फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ यांचं मागचं दार एक तर वर उघडतं किंवा त्या वजनासाठी केलेलंच नसतं. तिथे बाजूला झुलणारा लोखंडी बंपर हा उपाय आहे, पण तो स्वतःच जड आणि महाग.

टपावर नको. मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा लिहिलेली असते, त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. तिरक्या उतारावर डोक्यावर चाळीस किलो घेऊन गाडी कशी डोलते ते एकदा अनुभवलं की पुरे. आणि उतरवताना खाली कोण उभं राहणार?

आत ठेवली तर काय होतंय? सामानच तर आहे.

मीही असंच म्हणायचो. श्रावणी सोमवार होता. जानापावहून महूकडे उतरत होतो, मागे स्टेपनी आडवी ठेवून नायलॉनच्या दोरीने बांधलेली. वेग चाळीसच्या आसपास. वळणावर म्हैस उभी. ब्रेक दाबला, म्हैस वाचली. मागून मात्र असा आवाज आला की कुणीतरी धडकलंच असं वाटलं. दोरी तुटली नव्हती, नुसती सरकली होती. टायर मागच्या सीटच्या पाठीवर आदळला, पाठीची कडी वाकली आणि अर्धी पाठ पुढे कलंडली. सीटवर फक्त साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. तो चेपला. एरवी त्या जागी माझी मुलगी बसते.

आणि हा नुसता ब्रेक होता, धडक नव्हे. धडकेचा हिशोब करून पाहा. गाडी ताशी ५० किमी वेगाने आदळली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. रिमसकट मोठा टायर ३५ ते ४५ किलो भरतो. चाळीस धरा, म्हणजे ८०० किलो. मी जिला वाचवलं त्या म्हशीपेक्षाही जास्त.

मागच्या सीटची पाठ सामानाचा मार किती सोसते हे तपासायला संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या नियम १७ मध्ये एक चाचणी आहे. डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि सुमारे ५० किमी वेगाची धडक देतात. दोन्ही मिळून ३६ किलो. तुमची एकटी स्टेपनी त्या जोडीला भारी आहे.

म्हणून मला ‘आत मावेल का’ असं विचारणाऱ्याला मी उलट दोन प्रश्न विचारतो. गाडी थांबली की स्टेपनीही थांबेल का? आणि चिखलात, अंधारात, एकट्याने ती बाहेर निघेल का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच आत घ्या.

आडवी ठेवावी की उभी?

आडवी ठेवली की वजन खाली राहतं आणि मागची काच मोकळी राहते. वर १८ मिमीची प्लाय टाकली तर सपाट ओटाही होतो, झोपायलासुद्धा. दिसायला फार छान. अडचण अशी की पंक्चर नेहमी तेव्हाच होतं जेव्हा त्या ओट्यावर दोन तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन आणि कुणाची तरी ओली चप्पल असते. सगळं चिखलात उतरवा, मग प्लाय उचला, मग टायर. फॉर्च्युनरमध्ये आणखी एक अडचण. तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीट बाजूंना वर घडी होऊन लटकतात, त्यामुळे दोन्हीकडून जागा आवळली जाते. माझ्या मित्राच्या गाडीत सीट तशाच ठेवून ८३१ मिमीचा टायर काही केल्या आडवा पडला नाही.

उभी ठेवण्याच्या दोन तऱ्हा. दुसऱ्या रांगेच्या पाठीला टेकवून आडवी भिंत केल्यासारखी, किंवा डिकीच्या एका बाजूला गाडीच्या लांबीत. पहिल्या तऱ्हेत वजन मागच्या ॲक्सलच्या जवळ येतं, ते उत्तम. पण ७७-८३ सेंटिमीटर उंचीचा टायर सीटच्या पाठीवरून डोकं काढतो आणि आरशात फक्त रबर दिसतं. मी दुसरी तऱ्हा निवडली. डाव्या बाजूला, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि एकट्याने जाताना तेवढाच तोल सांभाळला जातो. डावीकडची मागची काच अर्धी झाकली जाते. इंदुरात डावीकडून कोण कधी घुसेल याचा नेम नाही, त्यामुळे शहरातून बाहेर पडेपर्यंत डाव्या आरशावर जरा जास्त नजर ठेवावी लागते. पण मागचं दार उघडलं की टायर समोर असतो, बाकीच्या सामानाला हात लावावा लागत नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

टायर विकत घेण्याआधी मावेल की नाही हे कसं कळेल?

पुठ्ठा. फ्रिजचा किंवा कूलरचा खोका कुठल्याही दुकानाबाहेर मिळतो. व्यासाचा गोल कापा, दारातून आत घालून बघा, आडवा, उभा, तिरका. दाराच्या चौकटीतच अडतो का, हे सगळ्यात आधी कळतं. बरेच जण आतली जागा मोजतात आणि चौकट मोजायला विसरतात. मग रुंदीसाठी गोलाच्या मागे तेवढ्या जाडीचा खोका लावा. त्या वेळी मागची सीट नेहमीच्या जागी हवी, पुढे ढकललेली नको. हा उद्योग बायकोसमोर करू नका, एवढंच.

हवा काढली तर लहान होऊन मावेल का?

रुंदीत थोडा दबेल, व्यासात जवळजवळ नाही. रेडियल टायरच्या पायाखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. ते घेर धरून ठेवतात, हवा असो वा नसो. बाजूची भिंत मात्र दबते, त्यामुळे चाकाच्या कमानीपाशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरसाठी अडत असेल तर उपयोग होतो. जाड भिंतीच्या टायरात तेवढाही नाही.

पूर्ण हवा काढून, व्हॉल्व्हची पिन काढून दडपून ठेवणं मला पटत नाही. ट्यूबलेस टायरची कडा रिमवरून सुटली तर आपल्या छोट्या बारा व्होल्टच्या पंपाने ती परत बसत नाही, त्याला एकदम हवेचा जोर लागतो. म्हणजे तुम्ही चाळीस किलोचं ओझं घेऊन गेलात आणि ऐन वेळी ते नुसतं ओझंच राहिलं. फार तर पंधरा पीएसआयपर्यंत उतरवा, आणि पंप सोबत ठेवा.

बांधायची कशाने? चांगली दोरी किंवा ताणाचे रबरी हुक चालतील?

रबरी हुक गादी बांधायला ठीक. दोरीचं मी वर सांगितलंच.

पक्कं काम म्हणजे नटबोल्टचा ब्रॅकेट. त्यातही नवी भोकं पाडण्याआधी गाडीत आहेत ती वापरा. तिसऱ्या रांगेच्या सीट ज्या बोल्टांवर बसतात त्या जागा कंपनीने माणसाचं वजन धरायला मजबूत केलेल्या असतात. त्यांच्याहून चांगली जागा तुम्हाला ड्रिलने सापडणार नाही. माझ्या गाडीतल्या बाजूच्या छोट्या सीटपैकी डावीकडची काढली आणि तिच्याच बोल्टांवर ब्रॅकेट बसवला. सीटबेल्टच्या बोल्टाखाली मात्र पट्टी सरकवायची नाही. तो बोल्ट फक्त बेल्टचा.

लोहामंडीतून ५ मिमी जाडीचा अँगल आणला, सियागंजातून बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा छाप हवा, जाडी १० किंवा १२ मिमी. बिनछापाचे बोल्ट दुकानदार ‘वही चीज है भिया’ म्हणून देतो. ती वही चीज नसते. ब्रॅकेटच्या मधोमध एक पाटी आणि तिला दोन जाड स्टड (आटे पाडलेल्या दांड्या), रिमच्या नटांच्या भोकांतून येतील असे. त्यासाठी आपल्या रिमच्या भोकांचं माप माहीत हवं. जिम्नी, जिप्सी ५ भोकं १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, फॉर्च्युनर, हायलक्स ६ भोकं त्याच मापाच्या वर्तुळावर. अंदाजाने करू नका, जुनी रिम घेऊन फॅब्रिकेटरकडे जा.

नवं भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली झोपा. डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग, यातलं काही त्या जागेखाली आहे का, ते स्वतः पाहा, मिस्त्रीच्या शब्दावर राहू नका. खालून ४ इंच बाय ४ इंचाची जाड पत्र्याची पाटी द्या, नाहीतर धडकेत बोल्ट पातळ फ्लोअरमधून बटणासारखा उपटून येतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे), भोकाच्या कडेला गंजरोधक रंग, वरून सीलंट. आपल्या पावसाळ्यात रंग न दिलेलं भोक दोन वर्षांत दुप्पट होतं.

ब्रॅकेटच्या जोडीला एक रॅचेट पट्टा (दांड्याने ताणून घट्ट करायचा) रिममधून फिरवून घ्या, ब्रॅकेटऐवजी नव्हे. पट्ट्याला लेबल असतं, पॉलिएस्टरचं असेल तर निळं, त्यावर तो किती भार धरतो ते छापलेलं असतं. लेबल नसलेला पट्टा घेऊ नका. आणि डिकीतल्या छोट्या कड्यांना तो अडकवू नका. त्या किराण्याच्या पिशव्यांसाठी असतात.

सरळ वेल्डिंग का नको?

एक, वेल्डिंगच्या आचेने पत्र्याचा रंग आणि गंजरोधक थर जळतो. दोन, गालिचा, वायर आणि टाकी जवळ असतात. तीन, काढता येत नाही, आणि ते काढता यायला हवं. का ते पुढे येतंच. ब्रॅकेटचं वेल्डिंग गाडीबाहेर, फॅब्रिकेटरच्या दुकानात करा.

आरटीओ काही म्हणेल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनाजोगे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर सात सीट आणि गाडीत सहा, हा बदलच आहे. मॅन्युअलमध्ये नसलेल्या मापाचा टायरही वादाचा विषय होऊ शकतो, आणि तो वाद बहुधा अपघातानंतर विमा कंपनीबरोबर होतो, चौकात पोलिसाबरोबर नव्हे.

म्हणून माझा ब्रॅकेट नटबोल्टचा आहे. सीट एरवी जागेवर असते, आणि विमा कंपनीला टायरचं माप लेखी कळवलेलं आहे. कळवल्यावर काय उत्तर येईल ते तुमच्या पॉलिसीवर.

एवढा खटाटोप कशाला? जुना मूळ टायरच स्टेपनी म्हणून ठेवला तर?

हा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे, आणि शहरापुरतं उत्तर ‘ठेवाच’ असं आहे.

फक्त काय होतं ते समजून घ्या. माझा मोठा टायर एका किलोमीटरला सुमारे ४०९ फेरे घेतो, जुना ४३३. एकाच ॲक्सलवर एक मोठा आणि एक लहान असेल तर दर किलोमीटरला २४ फेऱ्यांचा फरक त्या ॲक्सलच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांना) सतत सोसावा लागतो, जणू गाडी अखंड वळणावरच आहे. साधं डिफरन्शियल असेल तर हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जायला हरकत नाही. मागे लॉक होणारं किंवा घसरण रोखणारं डिफरन्शियल असेल, तर लहान टायर मागे लावू नका. मागचा फुटला असेल तर पुढचा मोठा काढून मागे लावा आणि लहान पुढे. दोनदा जॅक लावावा लागतो, कंटाळा येतो, पण गिअरचा खर्च वाचतो.

खरी गोम फोर व्हीलमध्ये. फोर एच किंवा फोर एलला (चारही चाकांना जोर देणारी वेगाची आणि संथ जोड) पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. एका ॲक्सलवर लहान टायर असेल तर त्या ॲक्सलची सरासरी किलोमीटरमागे १२ फेऱ्यांनी पुढे पळते आणि तो पीळ दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो. चिखलात टायर घसरून पीळ सुटतो, कोरड्या खडकावर सुटत नाही. म्हणजे चोरलच्या नाल्यात पंक्चर झालं आणि बाहेर येणारी वाट खडकाळ चढाची असेल, तर लहान स्टेपनी लावून तुम्ही फोर व्हील वापरू शकत नाही, आणि तिच्याशिवाय वर येऊ शकत नाही.

म्हणून माझी व्यवस्था अशी: एरवी गाडीखाली मूळ स्टेपनी. जंगलात जायच्या आदल्या रात्री ती खाली उतरवून गॅलरीत, आणि मोठी आत. वीस मिनिटांचं काम. दोन्ही एकदम न्यायच्या नाहीत, वजन वाढतं आणि खालची घासते.

मी एकटी गाडी चालवते. चाळीस किलो मला उचलणार नाही. काय करू?

मलाही उचलत नाही, आणि उचलूही नये. कंबर गेली की टायर बदलणारा दुसरा शोधावा लागतो.

उतरवताना उचलायचं नसतंच. टायर उभा असेल तर पट्टा आणि नट सोडून तो दाराच्या कडेपर्यंत लोळवत आणायचा आणि जमिनीवर पडू द्यायचा. खाली आधी गोणपाट टाका आणि पाय लांब ठेवा. उसळतो. चढवताना दीड-दोन मीटरची जाड फळी वापरा. फळी बंपरवर टेकवायची, टायर तिच्यावरून लोळवत, गुडघ्याने आधार देत वर न्यायचा. हीच फळी चिखलात जॅकखाली घालायला येते. जाण्याआधी एकदा घराच्या अंगणात, रात्री, मोबाइलच्या उजेडात हे सगळं करून बघा. आमच्या मंडळींत जे फुशारक्या मारत होते, त्यांचा तेव्हा पाऊण तास गेला होता.

जॅक तर गाडीसोबतचा आहेच ना?

आहे, पण तो मूळ उंचीच्या गाडीसाठी. टायर मोठे झाले की चेसी वर जाते आणि जॅक पूर्ण उघडूनही चाक जेमतेमच जमीन सोडतं. पंक्चर चाक निघतं, हवा भरलेलं बसत नाही. सागाचा किंवा बाभळीचा एक चौकोनी ठोकळा आणि खाली फळी, एवढ्याने भागतं. माळव्याची काळी माती ओली असेल तर फळीशिवाय जॅक लावायचाच नाही. तो वर जाण्याऐवजी खाली जातो.

स्टेपनीची रिम लोखंडी चालेल? चार अलॉय आहेत.

चालेल. चिखलातल्या दणक्याला लोखंडी रिम वाकते, पण ठोकून सरळही होते. दोन गोष्टी तपासा. आतून ब्रेकच्या कॅलिपरला ती घासत नाही ना. आणि नट. काही अलॉयचे नट सपाट वायसरचे असतात, तर लोखंडी रिमला निमुळत्या टोकाचे लागतात. चुकीचे नट लावले की चाक बसल्यासारखं वाटतं, आणि वीस किलोमीटरवर ढिलं होतं. वेगळे नट लागत असतील तर ते एका डबीत घालून ब्रॅकेटलाच बांधून ठेवा.

आत ठेवलेल्या स्टेपनीत किती हवा ठेवायची, आणि किती वर्षं चालवायची?

मावण्यासाठी उतरवावी लागत नसेल तर चालत्या चाकांपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त. कमी करणं सोपं असतं. व्हॉल्व्ह तुमच्याकडे तोंड करून बसवा, नाहीतर हवा बघायला ब्रॅकेट सोडावा लागतो आणि मग कुणी बघत नाही.

टायरच्या भिंतीवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर खोबणी कितीही खोल दिसोत, बदला. त्यापेक्षा पाचही टायर फेरपालटीत घाला. सगळे सारखे झिजतात आणि वर सांगितलेला फेऱ्यांचा घोळ होत नाही.

गणपतीत आईबाबांना घेऊन पुण्याला जायचंय. मोठी स्टेपनी आत राहू दे का?

नको. मागे माणसं बसणार असतील तर ती घरी. आग्रा-मुंबई रस्त्यावर, सेंधव्यापासून नाशिकपर्यंत, पंक्चर काढणारा मिळतोच. खाली मूळ स्टेपनी आहेच. शिवाय नाही म्हटलं तरी बंद गाडीत नव्या रबराचा वास भरतो, आणि बाबा तो वास पुण्यापर्यंत बोलून दाखवतात.

स्टेपनी नेलीच नाही, नुसता पंक्चरचा किट नेला तर?

जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या, नऊपर्यंत आसनांच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट कंपनीकडून मिळालेला असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. तो नियम डांबरी रस्त्याच्या खिळ्याला पुरतो. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, फुटला की धार येते, आणि ती धार टायरच्या पायाला नाही, बाजूच्या भिंतीला लागते. भिंतीतल्या चिरेत दोरीचा प्लग टिकत नाही. किट न्याच, पण स्टेपनीच्या जोडीला.

आणि बदलून झाल्यावर तो फाटका, चिखलाने माखलेला टायर? तो पण आतच?

हो, त्याच ब्रॅकेटवर, त्याच दोन नटांनी. फाटला म्हणून हलका होत नाही, आणि परतीच्या वाटेवरही म्हशी असतात. स्टडांवर चिखल बसला की नट आटे खातो, म्हणून पाण्याची एक बाटली फक्त रिमची भोकं धुवायला राखून ठेवा. टायरला गुंडाळायला दोन गोणपाट पुरतात. प्लास्टिकची ताडपत्री घेऊ नका, तिच्यावरून चिखल सगळा एका कोपऱ्यात जमतो आणि महूच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर पुढच्या सीटखाली आलेला असतो.